नेहमीची नाडी

सहा तासांच्या शर्यतीत दुसऱ्या तासाला मामांचा फोन आला. आई सकाळीच गेली होती.

हेरंबनं फोन खिशात टाकला आणि ऋजुताशी बोलायचा हेडफोन पुन्हा कानांवर चढवला. ट्रॅकवर ती, त्याची धाकटी बहीण, प्रयोगातली नवी इलेक्ट्रिक गाडी पळवत होती. सुटताना चालकाची नाडी कशी होती, ते ही गाडी लक्षात ठेवायची. पुढे ती त्याहून जरा वाढली, की आपणहून वेग कमी करायची. आज दोघं हरली असती, तर त्यांचं चार वर्षांचं काम गुंडाळावं लागलं असतं.

"दादा, आई काय म्हणतेय?" ऋजुता दर तासाला विचारायची.

"हॉस्पिटलात कॉटवर बसून तुझीच शर्यत बघतेय," हेरंब सांगायचा.

गाडी एकदाही मंदावली नाही. जिंकून ऋजुता खाली उतरली, तेव्हा त्यानं तिचा हात धरला.

"ऋजू, आई..."

"ठाऊक आहे. सुटायच्या आधीच मला हॉस्पिटलातून फोन आला होता."

"मग गाडीला कसं कळलं नाही?"

"तिला वाटलं, मी नेहमी अशीच असते."

"आणि मला सारखं विचारत होतीस ते?"

हेल्मेटची काच वर न करताच ती म्हणाली, "तू सांगत होतास तोवर आई होती, दादा."