वाडग्यातली पावडर

तिचा कुत्रा गुंड्या गेला त्याच दिवशी तिनं शेजारच्या काकूंना भर जिन्यात धारेवर धरलं. "त्याच्या भुंकण्याचा तुम्हाला भारी त्रास होता ना? घातलंत विष, आता झालं समाधान?" काकू "अगं, मी कशाला..." एवढंच म्हणाल्या, तोवर सगळ्या मजल्यांवरची दारं उघडली होती. त्यानंतर काकू दाराबाहेर दिसल्याच नाहीत.

ती प्रयोगशाळेत कामाला होती. गुंड्याच्या दुधाच्या वाडग्यात वाळलेले पांढरे कण तिनं खरवडून नेले आणि क्ष-किरणांच्या यंत्रात घातले. प्रत्येक पदार्थाचा आलेख वेगळा निघतो, आणि संगणक तो हजारो साठवलेल्या आलेखांशी ताडून पाहतो. थोड्याच वेळात पडद्यावर नाव आलं: झायलिटॉल.

"अगं, ही तर शुगर-फ्री पावडर!" मागून डोकावत मैत्रीण म्हणाली. "माणसं चहात घालून पितात, कुत्र्यांच्या मात्र जिवावर बेतते. तुझ्या त्या काकूंना डायबेटिस आहे वाटतं?"

जिन्यातला काकूंचा पांढराफटक चेहरा तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. पडद्यावरचं नाव पुन्हा एकदा वाचून ती म्हणाली.

"काकूंना नाही गं, मला निघालाय. गेल्याच आठवड्यात साखरेच्या डब्यात ही पावडर भरली, आणि सवयीनं त्यातलीच दोन चमचे मी गुंड्याच्या दुधात घातली."