वाळूतली हाक

तापीच्या पात्रात आमची टरबुजाची वाडी आहे. वेलांच्या पाण्यासाठी झिरा खणताना वाळूत मगरीची अंडी लागली. आतली पिले "अंव, अंव" अशा हाका मारत होती. हाक ऐकली की मगर येते आणि पिलांना तोंडात धरून पाण्यात नेते, म्हणून मी घाईने वाळू लोटली. हाका थांबल्या.

मग तीच हाक झोपडीतून आली. तिथे झोळीत माझी तान्ही नात होती.

"दीपमाला, पोर रडी ऱ्हायनी का?"

"नही आबा, हासी ऱ्हायनी," झोळी हलवत सून म्हणाली. "पन आवाज तिन्हाच शे."

मगर पाण्यातून वर आली. अंड्यांपाशी ती थांबलीच नाही. सरळ झोपडीकडे निघाली.

मी ओरडत धावलो. नातीने झोळीतून दोन्ही हात काढले आणि मगरीकडे पसरले.