राहिलेला कान

सलूनवाल्याने पोस्टमनच्या हनुवटीला दोन बोटं लावून त्याची मान जराशी डावीकडे वळवली, आणि मास्तरांच्या पोटात दुखायला लागलं.

"बसलेल्या माणसाला हात लावायचा नसतो," ते म्हणाले.

"सवय आहे हो, मास्तर. जन्म गेला त्यात." सलूनवाला हसला, आपला चित्राचा स्टँड उचलला आणि सरळ पोस्टमनच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला.

पाठीमागे! मास्तरांनी कपाळावर हात मारून घ्यायचा तेवढा बाकी ठेवला. चित्रकार मंडळाचा नेम साधा होता. वर्षातून एकदा कुणाला तरी खुर्चीत बसवायचं आणि चौघांनी तीन तासांत त्याचं चित्र काढायचं. शेवटी बसलेल्या माणसाने त्यातलं आवडेल ते घरी न्यायचं, तोच निकाल. अकरा वर्षं मास्तरांचंच चित्र गेलं. बाराव्या वर्षी, म्हणजे गेल्या साली, सलूनवाल्याचं गेलं. तेव्हापासून मास्तरांना अन्न गोड लागत नव्हतं.

आता मंडळात कोणीही यायचं. खिडकीपाशी दातांची डॉक्टरीण होती. तिने काढलेला माणूस हटकून हसायचा आणि बत्तीसच्या बत्तीस दाखवायचा. तिच्या शेजारी पोलिसांसाठी संशयितांची चित्रं काढून निवृत्त झालेल्या बाई. त्यांनी काढलेला गरिबातला गरीब माणूसही फरारी वाटायचा. या दोघी मास्तरांना चालत, कारण त्यांच्यापासून धोका नव्हता. पण हा? मास्तरांनी पाच वर्षं कलाशाळेत प्लास्टरची नाकं गिरवली, सुवर्णपदक मिळवलं, मग तीस वर्षं शाळेत दुसऱ्यांच्या पोरांना चित्रकला शिकवली. मंडळ त्यांनी उभं केलं. आणि हा आयत्या बिळावरचा नागोबा दाढ्या करता करता शिकला म्हणे, गिऱ्हाइकांची वाट बघत, जुन्या वर्तमानपत्रांच्या कोऱ्या कडांवर.

मास्तरांनी हात लांब करून ब्रश समोर धरला, एक डोळा मिटला आणि माप घेतलं. पोस्टमनच्या खांद्यावरून सलूनवाल्याचं तोंड अगदी समोर दिसत होतं. जीभ ओठांच्या कोपऱ्यात. एक भुवई वर, दोन्ही कल्ले सारखे झाले का ते बघावं तशी. लेकाचा माप म्हणून घेत नव्हता! मास्तर पोस्टमनकडे एकदा पाहत आणि त्याच्याकडे तीनदा. आता कुठला रंग घेतला? थांबला का? स्वतःशीच हसला का?

हात मात्र आज सुरेख चालत होता. कित्येक वर्षांत असा चालला नव्हता. आज दाखवतोच याला, असं मनात म्हणत मास्तरांनी डोळ्यातला शेवटचा पांढरा ठिपका ठेवला, आणि वेळ संपल्याची घंटा झाली. एक कान तेवढा राहिला. राहू दे, एका कानाने काय बिघडतंय?

पोस्टमन उठला, कंबर सरळ केली आणि एकेक चित्र बघत फिरला. "एवढे दात मला कधीच नव्हते," असं डॉक्टरणीला म्हणाला. निवृत्त बाईंच्या चित्रापुढे त्याने नकळत शर्टाचं वरचं बटण लावलं. मास्तरांच्या चित्रापुढे तो बराच वेळ उभा राहिला.

"शर्ट माझाच आहे," तो अदबीने म्हणाला. "खुर्चीपण हीच. छान काढलंय हो." आणि पुढे सरकला.

सलूनवाल्याच्या कागदावर नुसती एक मान होती आणि दोन खांदे, उजवा डाव्याहून दोन बोटं खाली.

"ही पिशवी," पोस्टमनने स्वतःच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. "काढलेली नाही, तरी दिसतेय बघा." त्याने ते चित्र उचललं.

"अहो, तोंडच नाही त्यात!" मास्तरांना राहवलं नाही.

"तोंड काय, आरशात रोज दिसतं."

तेवढ्यात सलूनवाल्याची बायको दुकानाच्या किल्ल्या घेऊन त्याला बोलवायला आली. दारातून शिरली ती थेट मास्तरांच्या चित्रापाशी जाऊन थबकली.

"अगं बाई! आमच्या ह्यांना कधी बसवलंत?"

सगळे गोळा झाले. पोस्टमन तीन तासांतला निम्मा वेळ पेंगत होता, पण चित्रातले डोळे टक्क जागे होते. जीभ ओठांच्या कोपऱ्यात. एक भुवई वर.

निवृत्त बाई वाकल्या, एकदा चित्राकडे आणि एकदा सलूनवाल्याकडे पाहिलं. "हाच," त्या म्हणाल्या.

मास्तरांना कापलं असतं तरी रक्त निघालं नसतं.

"छत्तीस वर्षं संसार केला," सलूनवाल्याची बायको हळूच म्हणाली, "पण मीसुद्धा ह्यांच्याकडे इतकं निरखून पाहिलं नाही हो."

सलूनवाला एप्रनला हात पुसत राहिला, पुसून झाल्यावरही. मग म्हणाला, "माझं कधी कोणी काढलंच नव्हतं. कान राहिलाय वाटतं, मास्तर. बसू का?"

उत्तराची वाट न बघता तो रिकाम्या खुर्चीत जाऊन बसला, गुडघ्यांवर हात ठेवून, मान ताठ, एखाद्या शहाण्या गिऱ्हाइकासारखा.

मास्तरांनी ब्रश उचलला. कान काढला, पाळीवरच्या बारीक खुणेसकट. वर एकदाही बघावं लागलं नाही.