तुटका तारामासा

लेकीनं स्क्रू-ड्रायव्हर मागितला आणि आई भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या.

बोळातल्या भिंतीवर सुनेनं प्लास्टरचे तारामासे बसवले होते. आईंच्या खोलीपासून थेट न्हाणीघरापर्यंत, ओळीनं, आणि तेही कमरेच्या उंचीवर. चार दिवस माहेरी आलेल्या लेकीला हसू आवरेना. भिंतीवरची शोभा काय कमरेनं बघायची असते, असं विचारून तिनं ठरवूनही टाकलं, की सगळे काढायचे आणि डोळ्यांच्या उंचीवर लावायचे.

डोळ्यांचाच तर प्रश्न होता. आईंना समोरचं सगळं धुकट दिसायला लागलं होतं, आणि त्यांनी ते कुणाला कळू दिलं नव्हतं. कळलं असतं तर जो तो हाताला धरून न्यायला लागला असता. शिवणयंत्र चालवून संसार ओढलेल्या बाईला ते कसं सोसावं?

त्यात हे तारामासे भिंतीवर आले, अगदी देवानं धाडल्यासारखे. एकेकाला हळूच चाचपत आई बोळातून ताठ मानेनं चालायच्या. बोटांना जन्मभर कापड वाचायची सवय, त्यांना हे काय अवघड. शेवटच्या तारामाशाचा एक हात तुटका होता. तो लागला की पाय जपून टाकायचा, पुढे पायरी. सून कारखान्यात छताची प्लास्टरची नक्षी साच्यात ओतायची. केसभर तडा दिसला तरी अख्खा नग फोडून टाकणारी ती, पण घरच्या भिंतीवर मात्र तिनं तुटका खपवला होता. आई रोज सकाळी त्या तुटक्याचे मनातल्या मनात आभार मानायच्या, आणि सुनेच्या आळसाचेही.

“राहू दे गं,” त्या लेकीला म्हणाल्या. “मला आवडतात तिथंच.”

लेक कसली ऐकते. बाकीचे राहिले तर राहू देत, निदान हा शेवटचा तरी काढते, तुटकाय, म्हणत तिनं स्क्रूला हात घातला.

स्वयंपाकघरातून सून हात पुसत आली. तिनं नणंदेच्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर अलगद काढून घेतला.

“तो तुटलेला नाही, ताई,” ती म्हणाली. “तिथं पायरी आहे.”

आईंनी भिंत सोडली आणि आपण होऊन सुनेचा हात धरला.