राखेची वीट

अर्पिता ग्रीन बिल्डिंगची, म्हणजे पर्यावरणपूरक बांधकामाची, परीक्षा पास झाली, तेव्हा राजूरच्या कोळसा खाणीत आयुष्य घालवलेले तिचे बाबा पेढा न खाताच उठून गेले होते. कोळशामुळं हवा नासते, असं तीच तर घरात सांगायची. आज मात्र तिच्या देखरेखीखाली उभं राहणारं वाचनालय बघायला ते आपणहून आले. विटांच्या थप्पीपाशी थबकून त्यांनी विचारलं, “ह्या इटा अशा भुरकट काहून?” “राखेच्या आहेत, बाबा. वीजकेंद्रात कोळसा जळून उरते, ती राख. शेतातली माती वाचते, भट्टीही लागत नाही. म्हणून इमारतीले ग्रीन बिल्डिंगच्या प्रमाणपत्रासाठी गुण भेटतात.” बाबांनी वीट उचलली, नखानं खरवडली. “म्हंजे आमच्या कोळशाची?” “तुमच्याच.” ते बराच वेळ वीट कुरवाळत राहिले. मग त्यांनी मिस्त्रीची थापी मागितली अन् वीट दारालगत बसवली. हात धुऊन थप्पीवर टेकले. “आता सांग पोरी, बाकीचे गुण कशाकशाचे?”