रुतलेला बोल्ट

बायको वारली आणि सासुरवाडीला जायला त्याला निमित्तच उरलं नाही. मग सासऱ्यांच्या जुन्या मोटरसायकलच्या इंजिनातला एक बोल्ट गंजून रुतून बसला, आणि दर रविवारी त्याची तिकडे फेरी होऊ लागली. त्याने पाना लावला की सासरे म्हणायचे, "जोर करू नका, जावईबापू. मोडला तर जन्माची कटकट. तेल मुरू द्या." मग बोल्टवर तेल सोडायचं, हातोडीने हलकेच ठोकायचं, चहा पीत तिच्या लहानपणच्या खोड्या ऐकायच्या आणि पुढच्या रविवारचं ठरवून निघायचं.

आज सासरे चहा टाकायला आत गेले, तेव्हा त्याने सहज पाना लावून पाहिला. बोल्ट लोण्यातून फिरावा तसा फिरला. पुरता बाहेर काढला, तर आटे लख्ख घासलेले आणि त्यांवर ताजं ग्रीस. आत कपबशा वाजल्या. त्याने घाईघाईने बोल्ट जागच्या जागी बसवला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून आवळला.

"काय म्हणतोय?" सासऱ्यांनी दारातूनच विचारलं.

"दाद देत नाही, बाबा. अजून आठवडाभर तेल मुरायला हवं."

सासऱ्यांची नजर त्याच्या ग्रीसने माखलेल्या बोटांवर जरा रेंगाळली.

"मुरू दे की मग," ते म्हणाले, आणि चहाचा कप देण्याआधी त्यांनी हात पुसायला फडकं पुढे केलं.