तारवाल्या मामांची इजा

सांगून कोणाला पटायचं नाही, पण एका माणसाला सरकारनं खास रडायला बोलावलं होतं, नीट रडता यावं म्हणून त्यानं पदरच्या पैशानं वकील लावला होता, आणि ऐन वेळी त्याला रडूच येईना.

माणूस म्हणजे तारवाले मामा. पोलादी तार ओढायचा त्यांचा कारखाना. बाहेरच्या देशातले लोक तीच तार आपल्या घरच्या भावापेक्षाही स्वस्तात इथे आणून ओतायचे, म्हणून तिच्यावर जादा शुल्क बसवलेलं. अँटी-डंपिंग शुल्क. त्याची मुदत आता संपत आली होती. ती संपू द्यायची की वाढवायची, यावर आज सुनावणी. वाढवून हवी असेल तर मामांनी एवढंच म्हणायचं होतं, की शुल्क उठलं तर मी मेलो.

जिन्यावर तालीम झकास झाली. मामांनी असा काही गळा काढला की वकिलालाच रुमाल शोधावा लागला. मग दार उघडलं. समोरच्या टेबलाशी, शुल्क उठवा म्हणणाऱ्यांच्या बाजूला, भाची बसली होती. मामांच्याच कारखान्यात तार हातात धरायला शिकलेली, आणि आता स्वतःचा स्प्रिंगांचा कारखाना चालवणारी. शुल्कामुळे तिला तार महाग पडायची, आणि त्याच तारेच्या तयार स्प्रिंगा मात्र बाहेरून बिनशुल्क येऊन बाजारात पडायच्या. मुदत आणखी वाढली तर तिला शटर ओढण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

भाची दिसली आणि मामांची छाती पुढे आली. ती काही केल्या मागे जाईना.

“शुल्क उठवलं तर तुमच्या उद्योगाला पुन्हा इजा होईल का?” अधिकारी बाईंनी विचारलं. कायद्याच्या भाषेत कारखान्यालाही इजा होते.

“इजा?” मामा हसले. “मॅडम, इजा नाही, बिजा नाही, तिजा नाही. आपण एकदम ठणठणीत!”

वकिलानं टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला.

“पाय का देताय हो?” मामा माइकमध्येच म्हणाले.

अधिकारी बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. “आजोबा, अर्ज तुमचा आहे. शुल्क चालू ठेवा, नाहीतर बुडू, असं तुम्हीच लिहिलंय.”

“ते यांनी लिहिलंय,” मामांनी वकिलाकडे बोट केलं. “मुळात स्वभावच रडका.”

“मॅडम,” वकील घाईघाईनं उठला, “माझ्या अशिलाची तब्येत आज जरा...”

“माझी तब्येत? पंजा लढवता?”

“बसा दोघेही!” बाई म्हणाल्या. “बाहेरची स्वस्त तार आली तर तुमचं गिऱ्हाईक तुटेल की नाही? हो की नाही, एवढंच सांगा.”

“तुटेल कसं? मॅडम, मागे एकदा आमचं तारेचं भेंडोळं ट्रकवरून निसटलं. उतारावरून गडगडत निघालं, चौकात वळलं, वाटेतले सगळे सिग्नल पाळले आणि थेट गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन उभं राहिलं. पोच घेतल्याशिवाय आत गेलं नाही!”

कोपऱ्यातल्या टंकलेखकानं मान वर केली. “सिग्नल पाळले, हे घ्यायचं का?”

“नाही!” बाई आणि वकील एकदमच ओरडले.

भाचीच्या वकिलाला काय करू आणि काय नको असं झालं होतं. आपली बाजू समोरचा माणूस फुकटात मांडतोय, असं सुख त्याच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. “बोलू द्या, ताई, बोलू द्या,” तो तिच्या कानाशी कुजबुजला. पण भाची हसत नव्हती. मामा प्रत्येक वाक्यानंतर तिच्याकडेच बघत होते, आणि ती समोरच्या कागदी पेल्याची कड दातांनी कुरतडल्यासारखी नखांनी कुरतडत होती.

“शेवटचं विचारते,” बाईंचा आवाज आता पार थकला होता. “तार तापवायची तुमची भट्टी चालू आहे?”

“चालू?” मामा खुर्चीत ताठ झाले. “मॅडम, आमच्या धुराड्यावरून पाखरू उडत नाही. लांबून वळसा घालून जातं बिचारं. पंख होरपळतात!”

मामांच्या वकिलानं फाइल मिटली आणि तिच्यावर कपाळ टेकवलं.

“घ्या लिहून,” बाई टंकलेखकाला म्हणाल्या. “भट्टी पूर्ण जोरात. शुल्क उठवल्यास इजा होण्याची शक्यता अर्जदार स्वतःच नाकारतात...”

“खोटं आहे ते!”

भाची उभी राहिली होती. तिचा वकील बाहीला धरून तिला खाली ओढत होता. “ताई, बसा! अहो, आपण जिंकलोय!”

“जिंकलोय कसलं डोंबल!” तिनं हिसडा देऊन बाही सोडवली. “मामा, किती थापा माराल हो? कालच मामीनं नेऊन दाखवलंय मला. तुमच्या त्या भट्टीत कबुतरं अंडी उबवतायत!”